मदत हवी आहे: खाडीवर बसून ऑइलमध्ये लँडस्केप कसं शिकायचं?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहते, वॉटरकलर बऱ्यापैकी जमतं पण आता ऑइल घेऊन थेट खाडीवर जाऊन काढायचंय, फोटो बघून नाही. ओहोटीला ठाण्याच्या खाडीत जो चिखल उघडा पडतो ना तो लांबून नुसता राखाडी वाटतो, पण नीट बघितलं तर कडेला जांभळट, पाणी साचलंय तिथे आकाशाचा रंग आणि तिवरांच्या मुळांपाशी जवळजवळ काळा, आणि मला नेमकं हेच पकडायचंय. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून ग्रे मस्त येतो, पण त्यात टायटेनियम व्हाइट टाकलं की सगळं खडूसारखं दिसायला लागतं, तिथे तुम्ही काय करता?

दुसरं म्हणजे भरती ओहोटीत साधारण 6 तासांचं अंतर, त्यामुळे बसल्या बसल्या किनाऱ्याची रेघच सरकते, मग आधी काय लावून टाकायचं, पाण्याची कड की सावल्या?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न नेण्या-आणण्याचा. ऑइल सुकायला कित्येक दिवस लागतात, ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत ओला बोर्ड कसा नेता, कुणाच्या कपड्यांना लागायला नको. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ज्वलनशील म्हणून ट्रेनमध्ये चालत नाही, तर नुसत्या जवसाच्या तेलावर भागतं का? पहिला थर तरी पातळ लागतोच ना.

वाशी, बेलापूर किंवा उरणकडे सावलीत बसता येईल अशी जागा माहीत असेल तर प्लीज सांगा, कुणी रविवारी सकाळी जात असेल तर मलाही यायला खूप आवडेल.