जलपर्णी गोठ्यात अंथरायची म्हणे!

दौंडचा गोठेवाला: काल एकाने पोस्ट टाकली, ‘गोठ्यात अंथरायला उसाचं पाचट विकत घेणारे शेतकरी आळशी. नदीत जलपर्णी फुकट कुजतेय, ती वाळवून गाईंखाली अंथरा.’ डोकं फिरलं म्हणून लिहितोय. जलपर्णीत ९० टक्क्यांच्या वर पाणी. ट्रॉली भरून आणा, वाळवा, हातात उरतं चगाळ. डिझेल, मजुरी, वाळवायला जागा कोण देणार? आणि अर्धवट वाळलेली पसरली की आतून तापते, बुरशी धरते, गाय नेमकी त्यावरच कास टेकते. माझ्या पहिलारू गाईला ओल्या गादीवर दगडी झाली, म्हणजे कास सुजली, एक सड कायमचा गेला.

पाषाणकर: जलपर्णी सोडा, पाणकणीस घ्या, तळ्याकाठी उगवतं ते, उंच पात्यांचं, तपकिरी कणसाचं. जर्मनी-नेदरलँड्समध्ये पाणथळ जमिनीत काही ठिकाणी ते मुद्दाम लावतात, गुरांखालीही वापरून पाहतात. पान आडवं कापून बघा, आत हवेच्या कप्प्यांची जाळी असते. वाळल्यावर मूत शोषणारच.

दौंडचा गोठेवाला: तिकडची जमीन कुजक्या वनस्पतींच्या थरांची. कोरडी पडली की कार्बन सोडते, म्हणून ते ती परत भिजवतात. आपल्या काळ्या रानाला त्याचं काय?

मुळशीची सून: आम्ही अंथरलंय पाणकणीस. सासऱ्यांनी कणीस पिकल्यावर कापलं आणि गोठाभर कापूस उडाला. धारेच्या बादलीत, गाईंच्या डोळ्यांत, माझ्या पदराला. कणीस फुटायच्या आत कापलं तरच उपयोग. शिवाय भाऱ्यात बेशरम आली होती, पाणथळीत माजणारं ते झुडूप, ती मी एकेक काडी निवडून काढली. शेळ्यांनी खाल्ली असती तर? ती विषारी आहे हे सांगायला पोस्टवाले येत नाहीत.

भिगवणकाठ: जलपर्णी वाढते कशावर ते बोला ना! पुणे, पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी पवना, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून आमच्या उजनी धरणात. त्यावरच ती माजते. मुळांत शिसं, कॅडमियम धरून ठेवते. गाय अंथरूण चघळते, शेण रानात जातं. घाण तुमची, शहरवाल्यांची, आणि गाई आमच्या निजवायच्या त्यावर?

पाषाणकर: ‘तुमची’ म्हणजे? मी एकटा सोडतो का नाल्यात? उसाला पोत्यांनी युरिया टाकता, तो पावसात कुठे जातो? तोही उजनीतच ना!

भिगवणकाठ: युरियावर घसरू नका. आमच्या घरी उन्हाळ्यात नळाला वास येतो, लेकरांना जार विकत आणून पाजतो. शहराने आधी मैलापाणी शुद्ध करावं, मग शेतकऱ्याला शहाणपण शिकवावं.

पाषाणकर: शुद्धीकरणाचं मान्य. वर्षानुवर्षं तेच मागतोय आम्हीही. पण युरियाचं तुम्ही टाळलंत.

भिगवणकाठ: उतरतो थोडा युरिया, नाही म्हणत नाही. मैल्याएवढा नाही.

पाणपक्षी: गोठ्याच्या नादात पाणकणीस सरसकट कापू नका. जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटं करते. पावसाळ्यात विणीच्या वेळी विळा लावू नका, आणि कापाल तेव्हा मधे न कापलेले पट्टे राखा.

मुळशीची सून: पावसाळ्यात तसंही वाळणार कुठे? आम्ही भाताचा पेंढाच बरा म्हणतो.

दौंडचा गोठेवाला: बरं, एवढं मानतो. मैलापाणी न येणाऱ्या गावतळ्यातलं, खडखडीत वाळलेलं पाणकणीस असेल तर खालच्या थराला चालेल, वर पाचटच. जलपर्णी मात्र माझ्या गोठ्यात येणार नाही.

भिगवणकाठ: मग उजनीतली काढायची कुणी?