सरकीचं तेल आणि बीटी कापूस: पिशवीवर 'जीएम' का दिसत नाही?

प्रश्न: देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी (अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला) आहे, म्हणजे सरकीचं तेलही त्याचंच. मग पिशवीवर तसं, म्हणजे 'जीएम' (जनुकं बदललेल्या पिकाचं), का लिहीत नाहीत? आणि रिफाइन्डपेक्षा घाण्यावरचं सरकी तेल बरं का?

उत्तर १: आधी घाण्याचं सांगतो, खरा धोका तिथेच आहे. सरकीचं कच्चं तेल, म्हणजे घाण्यावरचं रिफाइन न केलेलं, खाऊच नका, मग कापूस देशी असो की बीटी. सरकीत मुळातच गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असतं. कच्चं तेल काळपट तांबूस दिसतं ते त्याच्यामुळेच. रिफाइन करताना कॉस्टिक सोडा घातला की गॉसिपॉल साबणासारख्या गाळात उतरतं. मग तेल धुतात, ब्लीचिंगच्या मातीतून काढतात आणि वाफेने वास घालवतात. कच्चं तेल उष्ण जागी फार दिवस पडून राहिलं, तर रंग असा बसतो की रिफायनरीतही नीट निघत नाही.

उत्तर २: बीटीचं क्राय प्रथिन, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन, तेलात विरघळत नाही, ते ढेपेत राहतं. अळीच्या आतड्यात ते ज्या जागी चिकटतं, ती जागाच माणसाच्या आतड्यात नाही. पण एवढ्यावरून सगळी जीएम पिकं निर्धोक ठरत नाहीत. ब्राझील नटचं जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये त्या नटाची अ‍ॅलर्जी उतरल्याचं चाचणीत दिसलं आणि ते वाण बाजारात आलंच नाही. म्हणून प्रत्येक नवं प्रथिन वेगळं तपासायलाच हवं. जाता जाता: रवंथ सुरू न झालेल्या वासरांना सरकी ढेप घालू नका. गॉसिपॉल त्यांना सोसत नाही.

उत्तर ३: जीएम अन्नाच्या वेष्टनावर दर्शनी भागात वरच 'जीएम' छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आला. तेलाच्या बाबतीत तो अडतो तपासणीत. जीएम ओळखायची प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी पिकाचा डीएनए शोधते आणि रिफाइन्ड तेलात तो जवळजवळ उरतच नाही. युरोपात म्हणूनच उगम बघतात: डीएनए सापडो न सापडो, पीक जीएम असेल तर तेलावर लेबल लागतं. नकळत झालेल्या भेसळीला ०.९ टक्क्यापर्यंत सूट आहे. आपल्याकडेही बियाण्यापासून गिरणीपर्यंतचे कागद ग्राह्य धरायला हवेत, नाहीतर ग्राहकाला कळण्याचा मार्गच नाही. तोवर फरसाणाच्या पुड्यावर घटकांची यादी वाचा. 'खाद्य वनस्पती तेल' या शब्दांपुढे कंसात सरकी किंवा कॉटनसीड असेल, तर ते बीटीचं असण्याचीच शक्यता जास्त. तेलावर 'नॉन-जीएम' छापलं असेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालावर भागवू नका, सरकी कुठून घेतली ते विचारा.