मदत हवी आहे: नऊ जणांत शॅडो कॅबिनेट कसं बसवायचं?

आमच्या कॉलेजच्या अभिरूप संसदेत यंदा ब्रिटिश पद्धत आहे. आमचा गट निवडणूक सपाटून हरला. आता विरोधी पक्ष म्हणून शॅडो कॅबिनेट द्यायचंय, म्हणजे सरकारच्या प्रत्येक मंत्र्यासमोर त्या खात्यावर बोलणारा आमचा माणूस. सरकारकडे १५ खाती, आमच्याकडे डोकी नऊ. बाहेरून माणसं घेता येत नाहीत.

२०२४ मधलं ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं उदाहरण बघितलं. जुलैत सत्ता जाऊन १२१ जागांवर आल्यावर मावळते पंतप्रधान ऋषी सुनक यांनी हंगामी फळी उभी केली, त्यात आधीचे अर्थमंत्री जेरेमी हंट अर्थ खात्यावरच राहिले. नोव्हेंबरमध्ये केमी बेडनॉक नेत्या झाल्या आणि ते काम मेल स्ट्राइड यांच्याकडे गेलं. मनसेनं २०२० मध्ये एकच आमदार असताना शॅडो कॅबिनेट जाहीर केलं होतं, पण त्यात सभागृहाबाहेरचे लोक होते. आम्हाला ती सोय नाही.

एकेकाला दोन खाती देऊन पाहिली. सरावात शेती आणि आरोग्य सांभाळणारी मुलगी खतांच्या प्रश्नात इतकी अडकली की लसीकरणावर तिला एक वाक्य सुचेना.

दुसरा घोळ म्हणजे गेल्या सत्रातला आमचा अर्थमंत्री. आकडे त्याला तोंडपाठ आहेत, पण तो उठला की समोरून एकच ओरड: "हा खड्डा तुम्हीच खणलात!" गटाचा नेता आधीचाच (हा अर्थमंत्री नव्हे) राहणार, ते ठरलंय. प्रतोदही हवाच, म्हणजे खात्यांसाठी खरे सातच उरतात.

वेस्टमिन्स्टरची (ब्रिटिश संसदेची) पद्धत जवळून माहीत असलेल्यांनी सांगा: कोणती खाती एकत्र केली तर चालतात, आणि माजी मंत्र्याला त्याच खात्यासमोर उभं करावं की हलवावं?