चाळिशीनंतर पाण्यात उतरलेल्यांनो, लिहा

"आपल्या घरात बायकांना पाणी धार्जिणं नाही," असं आजी म्हणायची. बेचाळीस वर्षं मीही तेच धरून बसले होते. मग डॉक्टरांनी कंबरेसाठी पोहायला सांगितलं.

पहिले आठ दिवस मी कठडा धरून पाण्यात तोंड घालून नुसते बुडबुडे काढत होते. शेजारी पहिलीतली पोरं सूर मारत होती. नवव्या दिवशी सर म्हणाले, "ताई, छाती भरून श्वास घ्या, गुडघे पोटाशी धरा आणि बुडून दाखवा." मी मनापासून बुडायचा प्रयत्न केला. पाठ आपोआप वर! पुन्हा केला, पुन्हा वर.

तुमचं असं काही? पोहणंच हवं असं नाही.

*

सांगलीकडचा, वय ५८. सातव्या वर्षी विहिरीत पोहायला शिकताना, तरंगायला म्हणून पाठीला बांधलेला डबा सुटला होता. कुणीतरी केस धरून वर काढलं, पण त्यानंतर गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात कधी गेलो नाही. २०१९ च्या पुरात होडीतून बाहेर काढलं तेव्हा बायको-मुलं गप्प बसलेली आणि मी एकटा डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो. त्याची लाज वाटली.

आमच्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण घेऊन आले. लोक मला हे ऐकवायचे. खरं सांगतो, त्याने धीर येत नसे, उलट आणखी खजील व्हायचो.

शेवटी पुतण्याने कंबरेला दोर बांधला आणि स्वतः पायरीवर शेंगा खात बसला. पहिल्या दिवशी मी तिसऱ्या पायरीपुढे गेलो नाही. तो काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. दीड महिन्याने विहीर आडवी पार केली. दोर होताच, पण सैल.

*

मला पाण्याची भीती नव्हती. भीती होती ती पोहण्याच्या कपड्यांत खोलीपासून तलावापर्यंत चालायच्या पंचवीस पावलांची. बाळंतपणानंतरचं पोट, मांड्या, सगळं उघड्यावर. पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळून गेले नि ओला करून बसले. मग लक्षात आलं, चष्मा तर काढलेला असतो. कोणी बघत असलं तरी मला दिसणार कुठून!

*

मला नाही जमलं. तीन उन्हाळे गेले. खोल भाग जवळ आला की अजून धाप लागते. चार फुटांत चालते, गुडघ्यांना बरं वाटतं. "जिद्द कमी पडली" म्हणणाऱ्यांना नमस्कार. आणि कृपा करून कोणाला ढकलून शिकवू नका.

*

धागाकर्ती: सांगलीकर दादा, डबा कसला होता हो? आमच्याकडे भोपळा बांधायचे.

*

गोडेतेलाचा, पत्र्याचा. झाकणाला डाख दिलेला. डबा चांगलाच होता, सुटली ती सुतळी. आईने नंतर तो कापून त्यात तुळस लावली.