पून हिल: गर्दी तासाभरापुरतीच

नेपाळमधल्या पून हिल या टेकडीवर सूर्योदय आणि हिमशिखरं बघायला जातात. 'तिथे नुसती जत्रा असते, जाऊच नका' असं म्हणतात, ते निम्मं पटलं. खालच्या घोरेपाणी गावाहून पाऊण-एक तासाच्या पायऱ्या, त्यामुळे पहाटे सगळं गावच टॉर्च घेऊन निघतं. ३२१० मीटरवरच्या त्या मनोऱ्यावर तर उभं राहायलाही जागा नसते. पण नाश्त्याच्या ओढीने ही मंडळी सूर्य वर आला की लगेच उतरतात. आम्ही नोव्हेंबरात मुद्दाम थांबलो. टपरीवरच्या चहाच्या पेल्याला हात शेकत बसलो (चहा महाग, पण तिथे कोण घासाघीस करणार!). साडेसातला वर मोजून सात-आठ डोकी.

आणखी एक, समोर दिमाखात दिसतं ते अन्नपूर्णा दक्षिण, ७२१९ मीटरचं. ८०९१ मीटरचं मुख्य अन्नपूर्णा मागे असल्याने बुटकं वाटतं, आमच्यातले निम्मे भलत्याच शिखराचे फोटो काढून आले. धौलागिरी मात्र चुकत नाही. ते पश्चिमेला एकटंच, उन्हं थेट त्याच्या अंगावर येतात. अन्नपूर्णा आणि त्याच्यामधली खोल फट म्हणजे काली गंडकी नदीची दरी.