विषय: अंकाच्या पानांवरचं 'पुढे-मागे' कुठे गेलं?

मंडळी,
अंक वेबसाइटवर चढला, पण कथा संपली की वाचक तिथेच अडकतोय. परत अनुक्रमणिका, परत खाली सरकवत बसा. मागच्या वर्षी पानाखाली 'पुढील' होतं ना? रविवारी प्रकाशन आहे.
— अंक समिती

> मागच्या वर्षी होतं ना?

होतं, कारण तेव्हा लेख 'पोस्ट' होते. आपली साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचं तयार पुढे-मागे पोस्टच्या तारखेवर चालतं. यंदा विभाग हवेत म्हणून सगळी 'पेजेस' (एका पानाखाली दुसरी लावता येतात अशी पानं) केली (कोणाच्या आग्रहाखातर, ते मीटिंगला आलेल्यांना ठाऊक आहे). पेजेसना तारखेचा क्रम कामाचा नाही. एका पॅरेंटखालची, म्हणजे एका विभागपानाखालची पेजेस त्यांच्या सेटिंगमधल्या 'ऑर्डर'च्या आकड्याने लावायची, आपलं पान त्यात कितवं ते शोधायचं, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं द्यायचं. चार ओळींचा कोड आहे, टाकतो. पण तुम्ही ऑर्डर सगळीकडे ० ठेवलीय! मग क्रम शीर्षकाच्या अक्षरांवर जातो. म्हणून संपादकीय तळाला आणि प्रवासवर्णनाचा भाग १० हा भाग २ च्या आधी. आकडे १०, २०, ३० असे भरा, मध्ये काही घुसवायला जागा राहते.
— वेबसाइटवाला

कोड चाइल्ड थीममध्येच टाका हो (मूळ थीमला जोडलेली आपली वेगळी थीम, मूळ थीमच्या अपडेटने ती पुसली जात नाही). पाडव्याला थीम अपडेट झाली आणि हेडर उडालं, शिव्या मी खाल्ल्या.
— माजी सचिव

शेवटच्या कथेनंतर 'पुढील' कुठे नेणार? तिथेच थांबवा. आमच्या सासूबाई पुण्याहून फोनवर वाचतात, कथेतून एकदम कवितेत गेल्या तर मलाच विचारतील काय झालं म्हणून.

वहिनी, कविता म्हणजे काय खड्डा आहे का पडायला? विभाग संपला की पुढच्या विभागाचं पहिलं पान यायलाच हवं. नाहीतर आमच्याकडे फिरकणार कोण?
— कविता विभाग

दोघींचं जमतं. विभागातलं शेवटचं पान असेल तर कोड एक पायरी वर चढेल आणि पॅरेंटच्या पुढच्या भावंडाकडे, म्हणजे 'कविता' या विभागपानावर नेईल. आणि दुव्यात नुसतं 'पुढील' नको, पानाचं शीर्षक येऊ दे. कुठे चाललोय ते सासूबाईंना आधीच दिसेल.
— वेबसाइटवाला

बाण उजवीकडेच ना? अंगठ्याला तेच बरं पडतं.
— माजी सचिव

कथा-ललितचे आकडे आज रात्री भरते. कवितांचा क्रम कविता विभागाने उद्या दुपारपर्यंत लेखी पाठवावा. फोनवर सांगितलेला चालणार नाही, गेल्या खेपेचं सगळ्यांना माहीत आहे.
— अंक समिती