लिलावातला फ्लॅट स्वस्त, पण उरलेले पैसे पंधरा दिवसांत

कर्जाच्या खाईतून नुकतं बाहेर आलेल्याने बँकेच्या लिलावातल्या स्वस्त फ्लॅटपासून सुरुवात करावी, असा सल्ला कानावर येतो. स्वस्त मिळतो हे खरं. पण सरफेसी कायद्याखालच्या (बँकेला थकीत कर्जाचं तारण विकू देणाऱ्या) नियमांत पैसे भरायची मुदत काय आहे, ते असा सल्ला देणारे सांगत नाहीत. बोली लागली की आधी भरलेली अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत वाढते, पण बँकेने लेखी दिली तरच, आणि तीही तीन महिन्यांपर्यंत. म्हणजे 24 लाखांच्या घराला 6 लाख लगेच, आणि 18 लाखांची तजवीज पंधरवड्यात. जुनं कर्ज तडजोडीने मिटवलं असेल तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, तसा शेरा असतोच, तेव्हा गृहकर्ज वेळेत मिळेल हा भरवसा कसला? चुकलात की भरलेली रक्कम जप्त.

माझ्या मावसभावाने पैसे जमवले, तर नोटिशीत खाली बारीक अक्षरात ‘सांकेतिक ताबा’, म्हणजे बँकेकडे ताबा फक्त कागदावर. आत जुना मालक राहतोय, आणि सोसायटीची थकबाकी ‘जसे आहे जेथे आहे’, म्हणजे आहे त्या स्थितीत विक्री, म्हणून याच्याच गळ्यात! नवख्याने आधी दोन-चार लिलाव नुसते बघावेत, तेही सोसायटीच्या सचिवाला भेटून.